सरळ रस्त्यावरचे चार गुण

“चार?” मी विचारलं. “स्टीअरिंगला चार?”

टिपणीस सरांनी डाव्या हातातला चहाचा ग्लास हिरव्या गाडीच्या बॉनेटकडे नेला, मग परक्या गाडीवर चहा ठेवायचा नाही हा स्वतःचाच नियम आठवून तो रस्त्याकडेच्या कठड्यावर ठेवला.

“चार,” ते म्हणाले. “साडेतीन लिहिणार होतो. पाहुणी आहे म्हणून अर्धा वाढवला.”

“मी नऊ दिलेत.”

“दिसतंय. तुझ्या वयात मीही द्यायचो.”

पसरणीचा घाट चढून आल्यावर, पाचगणीच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे, तिथे आम्ही उभे होतो. आठ वर्षांपूर्वीचा डिसेंबर. सकाळचे दहा वाजत आले होते, उन्हात उभं राहिलं तर बरं वाटत होतं, सावलीत बोटं आखडत होती. समोर तीन गाड्या ओळीने लावलेल्या. एक राखाडी जर्मन, एक पांढरी जर्मन. त्यांची नावं सांगत नाही, कारण त्या दोघींचं या गोष्टीत काही चुकलं नव्हतं. आणि तिसरी गडद हिरवी, इटलीहून आलेली कोर्सिनी फाल्को. चार दारांची, पण अंगाने खेळाडू. देशात तेव्हा मोजून सहा आल्या होत्या. त्यातली एक आमच्याकडे तीन दिवसांसाठी होती.

मी ‘वेगवाट’ या मासिकात काम करायचे. पुण्यात, एरंडवण्यात ऑफिस. गाड्या चालवायच्या आणि त्यांच्याबद्दल खरं लिहायचं, एवढंच काम. मासिकाची शान म्हणजे शेवटची दोन पानं, ‘टिपणीसांचा निकाल’. लातूर, नगर, चंद्रपूरकडची माणसं ती पानं फाडून खिशात घालून शोरूममध्ये जायची, असं सेल्समन लोक आम्हाला वैतागून सांगायचे. अरविंद टिपणीस तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. तरुणपणी रॅलीत गाडी पळवलेली, मग तीस वर्षं लोकांच्या वतीने गाड्या पारखलेल्या. मी सव्वीस वर्षांची, दीड वर्षाची नोकरी झालेली, आणि आपल्याला गाडीतलं कळतं याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती.

जानेवारीचा अंक आमचा वर्धापनाचा. त्याची मुख्य गोष्ट हीच ठरली होती. इटालियन गाडी बड्या जर्मन गाड्यांपुढे टिकते का? किंमत तिघींची जवळपास सारखी. सुरूर फाट्यापासून वाईपर्यंतचा वडांच्या सावलीतला सरळ रस्ता आणि पुढे पसरणीचा घाट, एवढ्या वाटेवर आम्ही तिघांनी तिन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या होत्या. प्रत्येकाने आपापलं कार्ड भरायचं, दुसऱ्याला दाखवायचं नाही, आणि शेवटी एकदम उघडायचं.

तिसरे म्हणजे इक्बालभाई मुजावर, आमचे फोटोग्राफर. मिरजेचे. सहा फूट दोन इंच उंची, त्यामुळे मागच्या सीटचे गुण देण्याचा मान कायम त्यांचा.

“मागच्या सीटला तीन,” त्यांनी आपलं कार्ड वाचून दाखवलं. “हिरवीत बसलो तर गुडघे कानाला लागतात. राखाडीत झोपून येईन पुण्यापर्यंत.”

“त्यावर कुणाचं भांडण नाही,” मी म्हटलं. “डिकी लहान, मागची सीट अडचणीची, स्क्रीन दोन पिढ्या जुना वाटतो. मान्य. पण स्टीअरिंग? सर, मी आजवर चालवलेल्या सगळ्या गाड्यांत हे स्टीअरिंग पहिलं. मनगट जरा वळवलं की नाक तिथे पोचलेलं असतं. जर्मन गाड्यांना सांगावं लागतं. हिला नुसतं वाटलं तरी पुरे.”

“तेच तर,” सर म्हणाले. “तिला फार वाटतं. वळणात सोनं आहे, मी नाकारत नाही. बघ, घाटातल्या पकडीला नऊ दिलेत. पण सरळ रस्त्यावर ती थरथरते. सुरूर ते वाई तिने मला एक मिनिट स्वस्थ बसू दिलं नाही. नाकासमोर चालणं तिला जमत नाही. आपला वाचक रोज घाट चढतो का? तो पुण्याहून नागपूरला जाणार, बारा तास. वेडा होईल.”

“मला तर नाही थरथरली.”

“तुला उत्साहात कळलं नसेल.”

हे मला लागलं. मी गाडीपाशी गेले, त्यांच्याच बॅगेतलं हवा मोजायचं यंत्र काढलं आणि चारही चाकं तपासली. हवा बरोबर. टायरच्या कडा बघितल्या, कुठे फुगवटा नाही, कुठे झिजलेलं नाही. चाकांच्या नटांवर हात फिरवून आले. सर कठड्याला टेकून, उजवा हात जाकिटाच्या खिशात घालून, शांतपणे बघत होते. इक्बालभाई लेन्स पुसत होते, पुसून झालेली लेन्स पुन्हा पुसत होते.

मला एक गोष्ट पटत नव्हती. जी गाडी चंचल असते ती वळणात जास्त घाबरवते. सरळ रस्त्यावर अस्वस्थ आणि वळणात सोनं, अशी गाडी मी पाहिली नव्हती.

“सर, तीनचा नियम,” मी म्हणाले.

नियम त्यांचाच होता. दोन परीक्षकांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर भांडण कागदावर नाही, रस्त्यावर मिटवायचं. दोघांनी एकाच गाडीत बसून तीच वाट पुन्हा करायची.

“पाचचा फरक आहे,” मी पुढे म्हटलं. “तुम्ही चालवा. मी शेजारी बसते.”

“माझी परीक्षा?”

“गाडीची.”

ते हसले. “चल. परत आल्यावर तुझ्या कार्डावरचा नऊ तू स्वतः खोडायचास.”

“नाही तर चार तुम्ही.”

इक्बालभाई म्हणाले, “सर, राहू द्या ना. ऊन वर चढतंय, फोटो राहिलेत.” पण सर बसलेसुद्धा होते. दोन्ही जर्मन गाड्या आणि इक्बालभाईंना वर ठेवून आम्ही घाट उतरायला लागलो.

टिपणीस सरांना घाटात गाडी चालवताना बघणं हे एक शिक्षण होतं. ते घाई करत नसत. ब्रेक सरळ असतानाच लावून संपवायचे, वळणात गाडी शांत शिरायची, आणि बाहेर पडताना इंजिनाचा आवाज हळूहळू उघडत जायचा. त्या दिवशीही तसंच. फाल्कोचं इंजिन खालून गुरगुरत होतं, पुढच्या काचेत वाईची शेतं डावीकडून उजवीकडे सरकत होती, आणि सरांचे हात स्टीअरिंगवर इतके शांत होते की मला वाटलं, हा माणूस खरंच बरोबर असेल. आपणच उथळ.

“बघ कशी वळते,” ते म्हणाले. “वळण्यात कुणी हिचा हात धरणार नाही. ती पांढरी आहे ना, ती वळणात शिरताना विचार करते. राखाडी विचारही करत नाही, नियम वाचते. ही फक्त वळते.”

“मग चार का?”

“दम धर.”

वाई गाव ओलांडलं. पुढे सुरूरच्या दिशेने दोन्ही बाजूंनी वडाची झाडं, मधून काळा सरळ रस्ता. उसाचे ट्रॅक्टर सोडले तर रहदारी नव्हती. सरांनी गाडी सत्तरवर आणली आणि खांदे सैल सोडून बसले.

“आता बघ,” ते म्हणाले.

मी बघितलं, आणि माझं तोंड उतरलं. गाडी खरंच थरथरत होती. फार नाही. नाक अगदी केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे, पण सारखं. बसल्या जागी कंबरेला जाणवत होतं. मी सकाळी याच रस्त्यावर याच गाडीत गाणं गुणगुणत आले होते आणि मला यातलं काही जाणवलं नव्हतं.

“आलं लक्षात?” सरांनी विचारलं.

“आलं,” मी म्हटलं.

आणि मग जुनी सवय कामाला आली. माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. कॉलेजात असताना सुट्टीत मीही शिकवायला बसायचे. अण्णांचं सांगणं होतं, शिकाऊ माणसाच्या शेजारी बसलं की अर्धा डोळा रस्त्यावर ठेव आणि दीड डोळा त्याच्या हातांवर. गाडी काय करणार हे हात आधी सांगतात. गाडी गोंधळली की मी आजही आधी हातांकडे बघते. तसंच बघितलं.

सरांचा डावा हात स्थिर होता. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर हलत होता. तळहातावर तंबाखू मळताना हलतो तसा, एका लयीत, न थांबता. ती लय मनगटात उतरत होती, मनगटातून स्टीअरिंगच्या कड्यात. या गाडीचं स्टीअरिंग इतकं तल्लख की केसभर हललं तरी ती ऐकत होती. स्टीअरिंग मधोमध असताना एवढ्याशा हालचालीला जर्मन गाड्या दादच देत नाहीत. त्या ती गिळून टाकतात. आणि वळणात सर ते कडं घट्ट धरत होते, तेव्हा तो हात आपोआप थांबत होता.

हे सगळं मला एका क्षणात कळलं आणि कसं बोलावं ते अजिबात कळेना. समोरून उसाने लादलेला ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. तो जाईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, “सर, हात सोडून बघू या का? चाकांची रेषा चुकली असेल.”

त्यात वावगं काही नव्हतं. गाडी एका बाजूला ओढते का हे बघायला सगळेच असं करतात. सरांनी आरशात मागे बघितलं, वेग चाळिसावर आणला आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

फाल्को दोरी ताणल्यासारखी सरळ गेली. पन्नास मीटर, शंभर मीटर. नाक हललं नाही. वडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या आणि गाडी स्वतःच्या मनाने, नाकासमोर, शहाण्या मुलीसारखी चालली होती.

सरांच्या मांडीवरचा उजवा हात मात्र हलत होता.

ते हाताकडे बघत होते. मग त्यांनी फक्त डावा हात स्टीअरिंगवर ठेवला. गाडी सरळ. उजवा ठेवला. नाक थरथरायला लागलं. उजवा काढला. थांबलं. पुन्हा ठेवला. त्यांनी हे तीनदा केलं. मी त्यांना शेकडो वेळा असा दोष शोधताना पाहिलं होतं, एकेक भाग वेगळा काढून, घाई न करता, आवाज कुठून येतोय ते ठरवताना. चेहरासुद्धा तोच होता.

मग त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी एका वडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

“दोष गाडीत नाही,” ते म्हणाले. “स्टीअरिंगच्या या बाजूला आहे.”

ते माझ्याकडे वळले.

“तुला आधी कळलं?”

“दोन मिनिटं आधी.”

“म्हणून हात सोडायला लावलंस.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. एक सायकलवाला गाडी बघायला थांबला, आत माणसं दिसली तसा निघून गेला.

“उन्हाळ्यापासून आहे,” सर म्हणाले. “थंडीमुळे म्हणावं तर मे महिना होता. घरी कपबशी किणकिणायला लागली म्हणून मी बशी घेणं सोडलं. मनात म्हटलं, टायपिंग जास्त होतं. मान धरली असेल. काहीही म्हणतो माणूस. पण गाडीत कधी कळलं नाही, पद्मजा. एवढ्या गाड्या चालवल्या या महिन्यांत, एकीनेही सांगितलं नाही. सगळ्या माझं सांभाळून घेत होत्या.” त्यांनी डाव्या हाताने डॅशबोर्डवर थोपटलं. “हिने तोंडावर सांगितलं, आणि मी हिला चार गुण दिले.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवीन.”

“उद्या.”

“दाखवीन म्हटलं ना.” मग त्यांचा आवाज खाली आला. “एक कर. वर जाताना घाट मी चालवतो. वळणात हाताला काही होत नाही, आत्ता तू पाहिलंस. वाईपर्यंत तू घे, पायथ्याला आपण बदलू. त्यानंतर नाही मागणार.”

ते खरं बोलत होते. वळणात काही होत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुन्हा कधी ते अशी गाडी अशा घाटात बहुतेक चालवणार नाहीत, हेही मला समजत होतं. ते माझे साहेब होते. मला या कामात उभं करणारा माणूस. मुलाखतीत इतरांनी माझ्या इचलकरंजीच्या बोलण्यावर तोंड फिरवलं होतं, तेव्हा त्यांनी मला खाली नेऊन एका जुन्या जीपची किल्ली दिली होती आणि म्हणाले होते, दाखव. हो म्हणायला एक क्षण लागला असता.

“नाही सर,” मी म्हणाले. “किल्ली द्या.”

“पद्मजा.”

“अण्णांकडे असा हात घेऊन कुणी आलं की अण्णा त्याला उठवून शेजारी बसवायचे. डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय पुन्हा पुढे नाही. ओळखीचा असो, नात्यातला असो. तुमच्यासाठी मी वेगळा नियम कुठून आणू?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतील. नोकरीचाही विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. मी हात पुढे धरून ठेवला होता, आणि तो जड व्हायला लागला होता.

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि दार उघडून खाली उतरले. गाडीच्या पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. मी उतरून त्यांना जागा करून दिली.

मी गाडी वळवून वाईमार्गे पायथ्याला आणली. घाट सुरू झाला. पहिलं वळण मी फारच जपून घेतलं, दुसरंही. शेजारून आवाज आला, “रुग्णवाहिका नाहीये ही.”

मी हसू दाबलं.

“आता ब्रेक. आधी. सरळ असतानाच. सोड. आता वळव, उशिरा, अजून उशिरा. बघ, तिला माहीत आहे कुठे जायचं. तू फक्त आड येऊ नकोस.”

आणि त्या माणसाने मला तो घाट शेजारी बसून चालवून दाखवला. मी सकाळी तीच गाडी त्याच घाटात चालवली होती आणि खूश झाले होते. आता कळलं, सकाळी मी तिच्या अर्ध्या अंगाशीच बोलले होते. ते सांगत होते त्या जागी ब्रेक सोडला की पुढची चाकं रस्त्यात रुतायची आणि मागचा भाग हलकेच, आज्ञेत, पाठोपाठ यायचा. कुठला खड्डा, कुठली खडी, कुठली ओल, सगळं स्टीअरिंगमधून बोटांना कळत होतं. सर डोळे अर्धे मिटून बसले होते आणि तरी प्रत्येक वळणाच्या दोन श्वास आधी बोलत होते.

वर टपरीपाशी मी गाडी थांबवली.

“मला किती गुण?” मी विचारलं.

“सहा.”

“दहापैकी?”

“वीसपैकी,” ते म्हणाले आणि उतरले.

कोण कुठल्या दारातून उतरलं ते इक्बालभाईंनी पाहिलं. त्यांनी कॅमेरा खाली घेतला. सर टपरीवाल्याकडे चहा सांगायला गेले तेव्हा ते माझ्याजवळ आले.

“कळलं?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी कॅमेऱ्यात जुने फोटो काढून दाखवले. स्टीअरिंगवरच्या हातांचे. डॅशबोर्डवरचा आकडा न् आकडा स्पष्ट, डाव्या हातावरची शीर दिसतेय, आणि उजवा हात धुक्यात धरल्यासारखा पुसट.

“आठ महिने झाले,” ते म्हणाले. “मग मी शटरचा वेग वाढवून काढायला लागलो. म्हणजे हात हललेला दिसत नाही.”

“आणि सांगितलं नाहीत? घाटात त्यांच्या शेजारी बसत होतात तुम्ही.”

“एकोणीस वर्षं बसतोय, ताई. तोंडातून निघालं नाही.”

मी त्यांच्यावर चिडले. दोन-तीन दिवस नीट बोललेही नाही. नंतर वाटलं, माझी नोकरी दीडच वर्षाची होती म्हणून मला जमलं. एकोणीस वर्षं झाली असती तर मीही कदाचित शटरचा वेग वाढवला असता.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते सरळ कपाटाकडे गेले आणि मेपासूनचे सगळे अंक टेबलावर मांडून बसले. सरांना मनातून ज्याची भीती होती तेच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. सुरुवात आहे, औषधांनी बरीच वर्षं बरं चालेल, पण गाड्यांची परीक्षा बंद. हे त्यांनी आम्हाला हवामान सांगावं तसं सांगितलं आणि पुन्हा अंकात डोकं घातलं.

“अकरा गाड्या,” संध्याकाळी ते मला म्हणाले. “त्यातल्या दोघींना मी ‘सरळ रस्त्यावर बेचैन’ म्हटलंय. दोन्ही हलक्या स्टीअरिंगच्या छोट्या गाड्या. त्या दोन्ही परत मागव. तू चालव, आणि तुझ्यासोबत बाहेरचा कुणीतरी जाणकार घे.”

आम्ही चालवल्या. दोन्ही सरळ चालत होत्या.

मग त्यांनी ते निवेदन लिहिलं. आमचे मालक रणपिसेसाहेब ते वाचून खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना मासिक चालवायचं होतं.

“टिपणीस, आपण चूक दुरुस्त करू. दोन ओळी छापू, गुण बदलू. कारण कशाला द्यायचं? तुमचं आजारपण हा तुमच्या घरचा विषय आहे. आणि लोक म्हणतील, या माणसाच्या तीस वर्षांच्या निकालांतलं खरं काय होतं?”

“म्हणू देत,” सर म्हणाले. “तराजू वाकडा होता हे कळल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचं नसेल, तर दुकान कशाला उघडायचं?”

“इतका हट्ट?”

“तीस वर्षं लोकांना सांगतोय की गाडीतला दोष लपवणारी कंपनी वाईट. आता माझ्यावर आलं तर मी दोन ओळीत उरकू?”

जानेवारीच्या अंकात शेवटच्या दोन पानांच्या जागी ते एकच पान आलं. साधं होतं. “गेल्या आठ महिन्यांत मी या पानांवरून दोन गाड्यांवर अन्याय केला. त्या सरळ रस्त्यावर बेचैन नव्हत्या. माझा उजवा हात हलतो, आणि ते मला एका तिसऱ्या गाडीने दाखवून दिलं. ज्यांनी माझ्या शब्दावर विसंबून त्या गाड्या नाकारल्या, त्यांची मी माफी मागतो. यापुढे गाड्या पद्मजा कुडचे चालवतील.” खाली सही, आणि त्या दोन गाड्यांची नावं व नवे गुण.

तिघींच्या तुलनेचा निकाल मी लिहिला, माझ्या नावाने. राखाडी जर्मन पहिली आली, फाल्को दुसरी, पांढरी तिसरी. सरांनी मजकूर वाचून चष्मा काढला.

“हिरवीला पहिली करावंसं वाटलं नाही?”

“फार वाटलं. पण मागच्या सीटवर माणसाला बसवत नाही, आणि सर्व्हिसिंगला मुंबई गाठावी लागते. ज्याला स्वतः चालवायचंय त्याने तीच घ्यावी, असं लिहिलंय. घरच्यांनाही फिरवायचं असेल त्याने राखाडी.”

“स्टीअरिंगला किती?”

“नऊ. सगळ्यांत जास्त.”

“साडेनऊ कर,” ते म्हणाले. “आणि छाप.”

मी नऊच ठेवले. मला वाटतं, ते बघून त्यांना बरं वाटलं.

अंक बाजारात गेला आणि फोन सुरू झाले. बरेचसे हळहळणारे, काही टोचून बोलणारे. एकाने विचारलं, एवढी वर्षं नशेत होतात का? सर पहिल्या दिवशी सगळे फोन स्वतः घेत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी नाही म्हणून सांग. ते ऑफिसात यायचे, खिडकीपाशी बसून आमची हस्तलिखितं तपासायचे, पण गाड्यांबद्दल कुणी मत विचारलं तर म्हणायचे, कुडचेला विचारा.

चौथ्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. सुशीला ढगे, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नर्स. मी ठरलेलं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, “मी फोन धरून थांबते. त्यांना सांगा, त्या दोन गाड्यांपैकी एकीचं बुकिंग मी त्यांच्यामुळे रद्द केलं होतं.”

मी रिसीव्हर हाताने झाकून हे सरांना सांगितलं. ते उठून माझ्या टेबलाशी आले आणि फोन घेतला. बाईंचा आवाज मोठा असल्याने मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“टिपणीस बोलतोय. बाई, चूक माझी आहे. मी काय म्हणणार?”

“ते वाचलं मी. हात कसा आहे आता?”

“हलतोय.”

“गोळ्या वेळेवर घ्या. घड्याळ लावून घ्या, वेळ चुकली की त्रास होतो. आमच्या वॉर्डात रोज बघते.”

“बरं.”

“आता गाडीचं सांगा. बुकिंग रद्द केल्यावर मी दुसरी काही घेतलीच नाही. जुनीच ढकलतेय. तर आता ती घेऊ का?”

“मी आता गाड्यांवर मत देत नाही,” ते म्हणाले. “माझं लेखन वाचलंत ना? माझ्यावर का विसंबता?”

“तुमचा हात हलतो असं लिहिलंय तुम्ही,” बाई म्हणाल्या. “डोकं हलतं असं नाही लिहिलं. मला दुसरं कुणी ओळखीचं नाही विचारायला. घेऊ की नको?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या टेबलावरचे कागद लावत राहिले.

त्यांनी पायाने खुर्ची ओढली आणि बसले. रिसीव्हर डाव्या खांद्यात धरला, माझ्या पेल्यातली पेन्सिल उजव्या हाताने उचलली आणि एक पाठकोरा कागद पुढे घेतला.

“रोज किती किलोमीटर होतात?” त्यांनी विचारलं. “रस्ता कसा आहे? घाट लागतो का? आणि मागे कोण बसतं?”

बाई सांगत होत्या. सासूबाईंचे गुडघे, दोन मुली, केजच्या रस्त्यावरचे खड्डे. सर लिहून घेत होते. अक्षर ओळ सोडून वरखाली जात होतं, पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. मी तिसरी पेन्सिल पुढे सरकवली. त्यांनी ती न बघता घेतली आणि म्हणाले, “सावकाश सांगा, बाई. माझ्याकडे वेळ आहे.”